कुत्रा शोधायचाय? भांडारकरी महाभारत कोणतं घ्यावं आणि कसं वापरावं

जुन्या काव्यातली कुत्री हा विषय घेऊन लेख लिहायचा असो, कीर्तनात दाखला द्यायचा असो की नुसतं स्वतःपुरतं वाचायचं असो, पुण्यात गाडी शेवटी लॉ कॉलेज रस्त्यावरच येऊन थांबते. प्रश्न असा की भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची संशोधित आवृत्ती घ्यावी का, घ्यायची तर कुठल्या रूपात, आणि घेतल्यावर त्यात कुत्रा सापडतो कसा. उत्तर आधीच सांगून टाकतो. मोठा संच घेऊ नका. नुसत्या संहितेचे खंड घ्या, फुकटची संगणकीय संहिता उतरवून घ्या, आणि मोठ्या आवृत्तीचे दोनच खंड, पहिला आणि एकोणिसावा, ग्रंथालयात बसून बघा. बाकीचा मजकूर याच्या कारणांचा आहे.

ही आवृत्ती म्हणजे काय ते थोडक्यात. संस्था ६ जुलै १९१७ ची, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची. महाभारताचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक, १९४३ मध्ये ते गेल्यावर श्रीपाद कृष्ण बेलवलकर, आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य. देशभरातल्या १२५९ पोथ्या ताडून अठरा पर्वांचा पाठ ठरवला गेला. हा पाठ ८९ हजार श्लोकांच्या घरात भरतो. परंपरेनं लाख म्हणायचं, पण पोथ्यांच्या साक्षीवर जे टिकलं नाही ते तळटीपेत किंवा परिशिष्टात गेलं. द्रौपदीनं वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावा तळटीपेत आहे, गणपती लेखनिक झाल्याची कथा परिशिष्टात. हे ऐकून ज्यांना राग येतो त्यांनी ही आवृत्ती घेऊच नये, उगाच पैसे जातील.

कुत्रेवाल्यांच्या दृष्टीनं मात्र आनंदाची गोष्ट अशी की महाभारतातली महत्त्वाची कुत्री चाळणीतून सुखरूप बाहेर आली आहेत. सगळी मूळ पाठात आहेत.

आता रूपं तीन. पहिलं, मोठे खंड: अवाढव्य आकाराची पानं, वर ठरवलेला पाठ, खाली बारीक टायपात पाठभेद. दुसरं, १९७१ ते १९७६ या काळात संस्थेनंच काढलेली नुसती संहिता, पाठभेद गाळून, हरिवंश धरून पाच खंडांत. तिसरं, मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर उतरवलेली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी सुधारलेली संगणकीय संहिता. ती देवनागरीतही मिळते, रोमन लिपीतही, आणि फुकट. मराठी किंवा इंग्रजी भाषांतर यांपैकी कशातच नाही. मोठ्या खंडांना प्रस्तावना आहे ती इंग्रजीत. संस्कृत शाळेपुरतं असलं तरी चालतं, पण शब्दकोश शेजारी हवा. वामन शिवराम आपट्यांचा घ्या, 'श्वन्' या शब्दाखाली बघा. 'श्वान' खाली बघत बसलात तर पहिल्याच पावलाला ठेच लागेल.

कारण ही ठेच साधी नाही, या सगळ्या शोधाची मुख्य अडचण तीच आहे. मराठी माणसाला वाटतं मूळ शब्द 'श्वान', म्हणून तो संगणकीय संहितेत 'श्वान' टाकतो. मूळ शब्द आहे श्वन्. त्याची रूपं: श्वा, श्वानौ, श्वानः, श्वानम्. इथपर्यंत ठीक. पण पुढे स्वरानं सुरू होणारे प्रत्यय आले की तोंडवळाच बदलतो: शुना, शुने, शुनः, शुनोः, शुनाम्, शुनि. व्यंजनानं सुरू होणारे आले की तिसराच: श्वभिः, श्वभ्यः, श्वसु. म्हणजे 'श्वान' टाकून जे हाती येतं ते अर्धंही नसतं.

एकलव्याचा प्रसंगच घ्या (१.१२३). मृगयेला निघालेल्या पांडवांच्या मागे एक माणूस सामान आणि कुत्रा घेऊन जातो, तिथे 'श्वानमादाय पाण्डवान्'. कुत्रा एकलव्याला पाहून भुंकत उभा राहतो, तिथे 'श्वा'. एकलव्य बाण मारतो, तिथे 'तदा तस्याथ भषतः शुनः सप्त शरान्मुखे'. कुत्रा एकच, ओळी हाताच्या अंतरावर, आणि शब्दाची रूपं तीन. 'श्वान' शोधणाऱ्याला यातली पहिली ओळ दिसते. सात बाणांची, म्हणजे जिच्यासाठी तो आलेला असतो, ती दिसतच नाही. जाता जाता: कुत्र्याच्या तोंडातून रक्ताचा थेंबही आला नाही हे जे सांगितलं जातं ते या ओळींत नाही. कुत्रा बाणांनी भरलेलं तोंड घेऊन पांडवांकडे परत येतो, 'शरपूर्णास्यः', एवढंच आहे. पांडव चकित होतात ते नेमबाजीवर, कुत्र्याचं पुढे काय झालं हे कवी सांगत नाही.

मग 'श्वा' टाकावं का? टाकून बघा. अश्वाः, विश्वामित्र, निःश्वास, शाश्वत यांची रांग लागते. युद्धाच्या पर्वांत तर घोडे इतके की कुत्रा त्यांच्या टापांखालीच जातो. उपाय म्हणजे शब्दाच्या आधी मोकळी जागा सोडून शोधणं. तरी श्वापद, श्वास आणि श्वाविध् (म्हणजे साळिंदर) येत राहतात, पण ते डोळ्यांनी वगळता येतात. श्वापद या शब्दात कुत्र्याचा पाय आहे हे आपण मराठीत रोज बोलताना विसरूनच गेलो आहोत.

शब्दाच्या नंतर मात्र मोकळी जागा सोडायची नाही. हा नियम मोडला की महाभारतातला पहिलाच कुत्रा हातातून जातो. आदिपर्वाच्या तिसऱ्या अध्यायात तो येतो, आणि वाक्य असं आहे: 'तत्र श्वाभ्यागच्छत्सारमेयः', तिथे सरमेचा, म्हणजे देवांच्या कुत्रीचा, पोरगा आला. श्वा आणि अभ्यागच्छत् यांचा संधी झालेला. 'श्वा' पुढे जागा सोडून शोधलं तर संगणक शांतपणे पुढे निघून जातो. आणि सगळ्यात प्रसिद्ध ओळ, इंद्राची, तिच्यात तर 'श्वा'ही नाही: 'स्वर्गे लोके श्ववतां नास्ति धिष्ण्यम्'. श्ववत् म्हणजे कुत्रा बाळगणारा. म्हणून आधी जागा सोडून फक्त 'श्व' टाकायचं, मग श्वेत, श्वशुर, श्वः (उद्या) असले पाहुणे हातानं काढून टाकायचे. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

दुसरी फेरी 'शुन' ची, तीही आधी जागा सोडून. इथे शुनःशेप येईल, त्याच्याही नावात कुत्र्याचं शेपूटच आहे, पण तो माणूस. शौनक या शोधात येत नाही, पण तोही शुनकावरून आलेला. ज्याच्या सत्रात (दीर्घ यज्ञात) हे सगळं महाभारत सांगितलं जातं त्या ऋषीच्या कुळनावात कुत्रा आहे. तिसरी फेरी संधींची. आधीच्या शब्दाच्या शेवटी त् असेल तर श चा छ होतो आणि न् असेल तर ञ् होतो, म्हणून 'च्छुन', 'च्छ्व', 'ञ्शुन', 'ञ्श्व' ही चार रूपं वेगळी शोधायची. चौथी फेरी समानार्थी शब्दांची. अमरकोशात एका दमात यादी आहे: कौलेयक, सारमेय, कुक्कुर, मृगदंशक, शुनक, भषक, श्वा. पिसाळलेला तो अलर्क, शिकारीला तरबेज तो विश्वकद्रु, आणि मादी ती सरमा किंवा शुनी. यांतले सारमेय आणि सरमा आधी शोधा. शेवटी 'भष', म्हणजे भुंकणं, हेही एकदा टाकून बघा. कुत्र्याचं नाव न घेता नुसतं भुंकणं आलेलं असलं तरी सापडतं.

संगणकीय संहितेतला प्रत्येक ओळीचा क्रमांक एकदा समजून घेतला की काम सोपं होतं. पहिले दोन आकडे पर्वाचे, पुढचे तीन अध्यायाचे, पुढचे तीन श्लोकाचे, आणि शेवटी ए म्हणजे पूर्वार्ध, सी म्हणजे उत्तरार्ध. १७००३००७ म्हणजे सतरावं पर्व, तिसरा अध्याय, सातवा श्लोक. गीता वेगळी काढलेली नाही, ती भीष्मपर्वातच आहे आणि तिचा पहिला अध्याय तिथला तेविसावा. म्हणजे गीतेच्या अध्यायात बावीस मिळवायचे. 'शुनि चैव श्वपाके च पण्डिताः समदर्शिनः' हा पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक सत्ताविसाव्यात सापडेल.

सापडलेल्या प्रत्येक ओळीसाठी वहीत पाच रकाने करा: क्रमांक, शब्दाचं रूप, कोण बोलतंय, कुत्रा खरा की उपमेतला, आणि कुत्रा काय करतोय. चौथा रकाना टाळू नका. 'श्वपच' आणि 'श्वपाक' हे शब्द भरपूर येतील, ते कुत्र्यांचे नाहीत. माणसांच्या समूहांना तुच्छतेनं दिलेली नावं आहेत ती. हा रकाना नसेल तर शंभर उल्लेखांचा आकडा फुगतो आणि त्यात कुत्री मूठभरच निघतात.

छापील आवृत्तीला प्रतीकसूची आहे, वैद्यांनी सहा खंडांत केलेली, प्रत्येक श्लोकाच्या प्रत्येक चरणाची अकारविल्हे. काम अफाट आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ती चरणाच्या सुरुवातीवरून लावलेली आहे, हे माहीत नसलं तर माणूस फसतो. 'अयं श्वा भूतभव्येश' हे 'अ' मध्ये मिळणार. ओळ अर्धवट आठवते आणि नेमका श्लोक हवाय, अशा वेळी ती अमोल. विषय घेऊन शोधायला निघालात तर बिनकामाची. डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचाही या विषयाला आज उपयोग नाही. १९४८ पासूनचं काम, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या, पण छापलेले खंड अजून 'अ' या अक्षरातच आहेत. श्वन् म्हणजे वर्णमालेचं दुसरं टोक.

आता मोठ्या आवृत्तीचा एकोणिसावा खंड प्रत्यक्ष उघडू. बेलवलकरांनी संपादित केलेला, १९५९ चा. मौसल आणि स्वर्गारोहण यांच्या मधलं महाप्रास्थानिक पर्व इतकं छोटं आहे की जाड पुस्तकात ते पटकन सापडत नाही: तीनच अध्याय, श्लोक शंभराच्या थोडे वर. पहिल्या अध्यायात कुत्रा न सांगता सवरता येतो. 'भ्रातरः पञ्च कृष्णा च षष्ठी श्वा चैव सप्तमः'. पाच भाऊ, सहावी द्रौपदी, सातवा कुत्रा. कुठून आला, कुणाचा, कसा दिसत होता, काही नाही. दुसऱ्या अध्यायात द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम या क्रमानं पडतात, आणि अध्याय संपताना वैशंपायन जनमेजयाला सांगतात, 'श्वा त्वेकोऽनुययौ यस्ते बहुशः कीर्तितो मया'. ज्याचं नाव तुझ्यापाशी मी अनेकदा घेतलं तो कुत्रा तेवढा मागे चालत राहिला. गंमत म्हणजे तोवर कुत्र्याचा उल्लेख अगदी मोजकाच झालेला असतो.

तिसरा अध्याय सावकाश वाचण्यासारखा आहे, आणि इथे पानाची मांडणीही मदत करते. सुरुवातीचे श्लोक आठ अक्षरी चरणांचे. 'अयं श्वा भूतभव्येश भक्तो मां नित्यमेव ह', हा कुत्रा नेहमीचा माझ्याशी निष्ठावान, तो माझ्याबरोबर येऊ दे, 'आनृशंस्या हि मे मतिः'. वाद तापला की चरण अकरा अक्षरांचे होतात. डोळ्यांनी पान नुसतं चाळलं तरी ओळी लांबलेल्या दिसतात, तिथे भांडण आहे असं खुशाल समजा. इंद्राचं वाक्य वर आलंच आहे: कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या फलकावर शोभेल असं वाक्य, फक्त खाली 'आदेशावरून' लिहायचं राहिलंय. कारणही तो देतो, यज्ञ आणि दानधर्म यांचं पुण्य क्रोधवश नावाचे गण हिरावून नेतात. युधिष्ठिराचं उत्तर: 'भक्तत्यागं प्राहुरत्यन्तपापं', निष्ठावंताला टाकणं हे मोठं पाप, ब्रह्महत्येच्या तोडीचं. इंद्र म्हणतो, भावांना आणि द्रौपदीला टाकलंस, मग या कुत्र्याला का नाही? युधिष्ठिर वकिली उत्तर देतो: ते मेले, मेलेल्यांशी ना मैत्री ना वैर, मी त्यांना जिवंतपणी टाकलं नाही. शरण आलेल्याला भय दाखवणं, स्त्रीचा वध, ब्राह्मणाचं धन हिरावणं, मित्रद्रोह, या चारांच्या बरोबरीला तो निष्ठावंताचा त्याग बसवतो.

या पानावर दोन गोष्टी लक्षात येतात. भाषांतरात त्या हमखास निसटतात. युधिष्ठिर कुत्र्यावर प्रेम आहे असं कुठेही म्हणत नाही. शब्द आहे आनृशंस्य, म्हणजे क्रूर न होणं, आणि दुसरा शब्द भक्त. 'मुक्या प्राण्यावरचं प्रेम' हे आपण घातलेलं. आणि स्वर्गात कुत्रा जात नाही. वाद संपताच 'धर्मस्वरूपी भगवान्' बोलू लागतो, कुत्रा म्हणून जे काही होतं ते तिथेच संपतं. युधिष्ठिर कुत्र्यासह स्वर्गात गेला असं व्याख्यानात ऐकलंत तर वक्त्यानं हा खंड उघडलेला नाही असं समजायला हरकत नाही.

खाली पाठभेदांचा भाग बघताना एवढं माहीत हवं. रोमन अक्षरं पोथ्यांच्या लिपीची आणि प्रांताची आहेत: के म्हणजे काश्मिरी परंपरा, डी देवनागरी, बी बंगाली, टी तेलुगू, जी ग्रंथ (ही दक्षिणेतली एक लिपी), एम मल्याळम. सगळ्या उत्तरेकडच्या एकत्र तेव्हा एन, दाक्षिणात्य एकत्र तेव्हा एस. पाठातल्या शब्दाखाली नागमोडी रेघ असेल तर तो पाठ संपादकाला पक्का वाटलेला नाही. तारा लावलेले क्रमांक म्हणजे मूळ पाठातून खाली उतरवलेले छोटे उतारे, मोठे उतारे शेवटी परिशिष्टात. एखाद्या कथेत कुत्र्याचा रंग, नाव, कुळ असं काही सापडलं की आधी तारा बघा. लोकांना तपशील सुचत गेले आणि पोथ्यांत भरत गेले, ते नेमके अशाच ठिकाणी दिसतात.

पहिला खंड आदिपर्वाचा, सुकथनकरांचा. १९२७ पासून सुट्या भागांत निघाला आणि १९३३ मध्ये पुरा झाला. जुन्या बाजारात घेत असाल तर सुटे भाग एकत्र बांधलेले आहेत का, शेवटची परिशिष्टाची आणि शुद्धिपत्राची पानं शाबूत आहेत का, हे उभ्या उभ्या तपासा, नुसत्या पुठ्ठ्यावर जाऊ नका. यातला तिसरा अध्याय बहुतांशी गद्य आहे, श्लोक शोधत बसू नका. जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करतोय, सोबत श्रुतसेन, उग्रसेन, भीमसेन हे भाऊ. सरमेचा पोरगा तिथे येतो, भाऊ त्याला बडवतात, तो रडत आईकडे जातो. आई विचारते, तू काही आगळीक केली असशील. तो म्हणतो, 'नावेक्षे हवींषि नावलिह इति', मी हविर्द्रव्याकडे बघितलंही नाही, चाटलंही नाही. सरमा सत्रात येऊन जाब विचारते. उत्तर मिळत नाही, तेव्हा ती सांगते: काही अपराध नसताना याला मारलंत, म्हणून न दिसणारं भय तुझ्यावर येईल. जनमेजय घाबरतो आणि या शापातून सोडवणारा पुरोहित शोधायला निघतो.

या दोन जागा एकमेकींसमोर ठेवून वाचायच्या असतात, म्हणून दोन खंड. पहिल्या खंडात पणतू जनमेजय निरपराध कुत्र्याला मारू देतो, शेवटच्या खंडात त्याचा पणजा युधिष्ठिर कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारतो, आणि हे ऐकतोय तोच पणतू. 'तुझ्यापाशी अनेकदा कीर्तित' या शब्दांना मग वेगळीच धार येते. वैशंपायन ज्याला हे सांगतायत त्याच्या सत्रात कुत्र्याचं काय झालं होतं, हे पहिला खंड वाचला असेल तरच कळतं. संक्षिप्त महाभारतांत पौष्यपर्व, म्हणजे हाच तिसरा अध्याय, बहुधा पहिल्याच कात्रीत जातं, म्हणून ती या विषयाला नापास.

मधली कुत्री विसरू नका, ती हा सगळा गोडवा पुसून टाकतात. शांतिपर्वात भीष्म एक कथा सांगतात. ऋषीच्या आश्रमात भक्त कुत्रा. त्याच्यावर बिबट्या चालून येतो म्हणून ऋषी त्याला बिबट्या करतो, मग वाघ, हत्ती, सिंह, शेवटी शरभ (सिंहाहून बलवान असा काल्पनिक प्राणी). आणि शरभ झाल्यावर तो ऋषीलाच खायला निघतो. ऋषी त्याला पुन्हा कुत्रा करून हाकलतो. भीष्मांचा मुद्दा नोकर नेमण्याचा आहे: ज्याची जी जागा, तिथेच त्याला ठेवा. म्हणजे आनृशंस्य एकीकडे, हे एकीकडे, एकाच ग्रंथात. याच पर्वात दुष्काळात भुकेला विश्वामित्र चांडाळाच्या घरात कुत्र्याचं मांस चोरायला शिरतो, तो वाद तर महाप्रास्थानिकापेक्षाही खणखणीत आहे. चोराला हटकून धर्म शिकवतोय तो चांडाळ.

पाणिनीचं एक सूत्र इथे आठवल्याशिवाय राहत नाही: 'श्वयुवमघोनामतद्धिते'. श्वन्, युवन् आणि मघवन् यांची रूपं सारखी बदलतात म्हणून तिघं एका सूत्रात. मणी, काच आणि सोनं एका दोऱ्यात ओवणाऱ्याला काय हसता, सर्वज्ञ पाणिनीनंही कुत्रा, तरुण आणि इंद्र एका सूत्रात बांधलेत, अशी त्यावर जुनी कोटी आहे. स्वर्गाच्या दारात कुत्र्याला अडवणारा इंद्र व्याकरणात त्याच्या शेजारी बसतो.

इतर आवृत्त्यांबद्दल झटपट. चित्रशाळा प्रेसची, किंजवडेकरशास्त्र्यांनी संपादित केलेली, १९२९ ते १९३६ ची आवृत्ती मिळाली तर सोडू नका. तिच्यात नीलकंठ चतुर्धराची टीका आहे. सतराव्या शतकातला हा टीकाकार मूळचा गोदाकाठचा, आपल्या कोपरगावचा. अडलेल्या शब्दाला टीका लागतेच, आणि भांडारकरी आवृत्तीत ती नाही. गीता प्रेसचे सहा खंड अप्पा बळवंत चौकात सहज मिळतात, हिंदी अर्थासह, स्वस्तात, आणि दाक्षिणात्य अधिक पाठ तिथे तसा सांगून छापलेला आहे. दोन्हींतली अडचण एकच, प्रचलित पाठाचे अध्यायक्रमांक भांडारकरी क्रमांकांशी जुळत नाहीत. एकलव्य आठ-दहा अध्याय पुढे गेलेला असतो. महाप्रास्थानिकात हा घोटाळा होत नाही, दोन्हीकडे तीनच अध्याय. लेखात क्रमांक देताना आवृत्ती लिहा, नाहीतर वाचणारा तुमच्या नावानं बोटं मोडेल.

महाभारताच्या मागे जायचं असेल तर वैदिक संशोधन मंडळाचा सायणभाष्यासह ऋग्वेद, पाच खंड, १९३३ ते १९५१. शोधायला तो महाभारतापेक्षा सोपा, कारण पदपाठ आहे: संधी सोडवून प्रत्येक शब्द सुटा लिहिलेला, श्वा तिथे श्वाच. दहाव्या मंडलात १०८ वं सूक्त सरमा आणि गाई लपवून ठेवणारे पणी यांचा संवाद, अकरा ऋचा. त्याच मंडलाच्या चौदाव्या सूक्तात यमाचे दोन सारमेय, चार डोळ्यांचे, वाटेचे राखणदार. पण सगळ्यांत गोड सातव्या मंडलातलं ५५ वं. घराच्या राखणदार कुत्र्याला झोपवायचा मंत्र: चोरावर जा, दरवडेखोरावर जा, आमच्यावर का गुरगुरतोस, झोप. पुढे 'सस्तु माता सस्तु पिता सस्तु श्वा सस्तु विश्पतिः'. आई झोपो, बाप झोपो, कुत्रा झोपो, घरधनी झोपो. रात्री दोनला गल्लीत मैफल सुरू झाली की हा मंत्र पाठ असलेला बरा.

ग्रीकांकडे एकदा डोकवा. होमरच्या ओडिसीत ओडिसियस वीस वर्षांनी वेष पालटून घरी येतो, शेणाच्या ढिगावर गोचिडांनी भरलेला त्याचा कुत्रा अर्गोस पडलेला. धन्याला ओळखून तो शेपूट हलवतो, कान पाडतो आणि मरतो. त्याला नाव आहे, शेपूट आहे, गोचिडीसुद्धा आहेत. आपल्याकडच्या कुत्र्याला यातलं काहीच नाही. आणि योगायोग असा की अर्गोस ओडिसीच्या सतराव्या सर्गात येतो, आपला सतराव्या पर्वात.

मराठीत उतरायचं तर शब्द बदला. जुन्या मराठीत कुत्रा म्हणजे सुणें, शुनकावरून आलेलं. कोकणीत ते आजही रोजच्या बोलण्यात आहे. ज्ञानेश्वरीच्या पाचव्या अध्यायात वरच्याच गीताश्लोकावर 'ना तरी हे धेनु हें श्वान । एक गुरु एक हीन । हें असो कैचें स्वप्न । जागतया' ही ओवी आहे, आणि तिच्या आधीच्या ओवीत श्वपचु आणि द्विजु शेजारी शेजारी. गाय-कुत्र्याचा भेद हे झोपेतलं स्वप्न, जाग्या माणसाला कुठलं?

तुकोबांच्या गाथ्यासाठी १९५० ची सरकारी प्रत घ्या, १८६९ आणि १८७३ च्या इंदुप्रकाश आवृत्तीवरून केलेली, ४६०७ अभंगांची. शेवटी चरणसूची आहे, पण पहिल्या चरणांची. त्यामुळे 'श्व' आणि 'भ' खाली बघितलं की तीन अभंग लगेच सापडतात, अभंगाच्या पोटातली कुत्री मात्र पानं उलटूनच. हे तीन तेवढे शेजारी ठेवून वाचा. 'श्वान शीघ्रकोपी । आपणा घातकर पापी' यात कुत्रा म्हणजे दुर्जन. 'भुंकती तीं द्यावीं भुंकों । आपण त्यांचें नये शिकों' याची सुरुवात सगळ्यांना पाठ असते, शेवट फारसा कुणाला नसतो: 'तुका म्हणे त्यांचें । पाप नाहीं ताडणाचें'. सरमेनं हे ऐकलं असतं तर तुकोबांनाही सोडलं नसतं. आणि तिसरा: 'श्वानाचियापरी लोळें तुझ्या दारीं । भुंकें हरिहरी नाम तुझें'. उठतो, बसतो, भुंकतो, दूर जात नाही, 'लुडबुडीं गोपाळा पायांपाशीं'. इथे कुत्रा म्हणजे स्वतः तुकाराम. लुडबुड हा एक शब्द कुत्रा पाळलेल्या माणसालाच सुचावा असा आहे. महाप्रास्थानिकात 'भक्त' हा कोरडा शब्द वाचून मन भरलं नसेल, तर एकोणिसावा खंड मिटल्यावर हा अभंग काढा, आणि वहीच्या पाचव्या रकान्यात, कुत्रा काय करतोय तिथे, लुडबुड लिहून ठेवा.